एफआयव्ही असलेल्या बोक्याला रोज काय खायला घालावं?

अंगणवेल

आमच्या काळूला मानेजवळ चाव्याची जखम झाली होती, तिचं गळू झालं. त्या निमित्ताने रक्त तपासलं आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) पॉझिटिव्ह निघाला. जखम आता भरली आहे, पण त्याच्या खाण्याबद्दल ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक जण म्हणतात कच्चं मांस द्या, निसर्गात मांजरं तेच खातात, प्रतिकारशक्ती आपोआप वाढेल. दुसरे म्हणतात लायसिनची (एका अमिनो आम्लाची) पूड चालू करा. तिसऱ्यांच्या मते धान्य नसलेलं भारीतलं ड्राय फूडच हवं.

वय सात वर्षं. पूर्वी वजन पाच किलो होतं, आता साडेचार. ड्राय फूड आवडीने खायचा. हल्ली वाटीपाशी येतो, वास घेतो, दोन दाणे उचलतो आणि निघून जातो. भूक नाही म्हणावं तर मी जेवायला बसले की पायात घुटमळतो. घरात एक मांजरीही आहे, दोघांचं छान जमतं, एकाच वाटीत खातात. असं मांजर कुणी सांभाळलंय का? तुम्ही रोज नेमकं काय देता?

गुरगुर

अंगणवेल, मी एफआयव्हीचा बोका बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कोणतं अन्न हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तुमच्या लिहिण्यातलं "वास घेतो, दोन दाणे उचलतो आणि निघून जातो" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. भूक गेलेलं मांजर सहसा वाटीकडे फिरकतही नाही. जे येतं, हुंगतं आणि मागे फिरतं, त्याचं तोंड दुखत असण्याची शक्यता मोठी. एफआयव्हीच्या मांजरांत हिरड्यांची आणि तोंडाच्या आतली सूज बरीच आढळते.

तो खात असताना शेजारी बसून बघा. मान एका बाजूला कलती करून चावतो का? घास तोंडातून खाली पडतो का? दाणा दाताखाली आला की दचकून मागे सरतो का? हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले आहेत का, तोंडाला घाण वास येतो का? माझा बोका पाउचमधल्या ओल्या अन्नाचा रस्सा चाटून घ्यायचा आणि मांसाचे तुकडे तसेच ठेवायचा. कुणालाही वाटेल नखरे करतोय. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा मागे, जिथे वरचा आणि खालचा जबडा मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना लालभडक, रक्ताळलेली त्वचा होती. मागचे दात काढल्यावर तो पुन्हा पोटभर खायला लागला. सगळ्याच मांजरांचे दात काढावे लागतात असं नाही, पण तोंड तपासल्याशिवाय अन्न बदलत बसू नका. आणि घरी जबरदस्तीने तोंड उघडायला जाऊ नका, त्याला वेदना होतील आणि तुम्हाला चावा बसेल.

वजनाचंही तेच. पाचाचे साडेचार म्हणजे दहा टक्के गेले. माणसाला अर्धा किलो किरकोळ वाटतो, मांजराच्या अंगावर तो खूप असतो. त्यामुळे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता कच्च्या मांसाबद्दल. काळूला अजिबात नको. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवीही असू शकतो. धडधाकट मांजर यातलं बरंच काही पचवून जातं, पण ज्याच्या पांढऱ्या पेशींवरच विषाणूने घाव घातलाय त्याच्यावर हा प्रयोग कशाला करायचा? फ्रीजरमध्ये ठेवल्याने जिवाणू मरत नाहीत, ते फक्त थंड पडून राहतात. फ्रीझ-ड्राइड म्हणून येतं तेही कच्चंच असतं. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००८ साली एफआयव्ही आणि ल्युकेमियाच्या (हाही मांजरांचा विषाणूच) मांजरांसाठी सूचना काढल्या. न शिजवलेलं मांस, कच्ची अंडी आणि पाश्चराइज न केलेलं दूध देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अलीकडे तर कच्च्या अन्नातून आणि कच्च्या दुधातून बर्ड फ्लू होऊन मांजरं दगावली आहेत. शिकारीचंही तसंच, उंदीर-पक्षी मारून खाणाऱ्या मांजराच्या पोटात काय जाईल ते आपल्या हातात नसतं. काळूला घरातच ठेवा. त्याने दुसऱ्या मांजरांना चावून आजार पसरवण्याचा धोकाही टळतो.

मग शिजवलेलं मांस? थोडं वरखाऊ म्हणून चालेल, बिनमिठाचं, काहीही न घातलेलं. मात्र नुसत्या उकडलेल्या मांसावर मांजर ठेवता येत नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, काही महिन्यांत हाडं ठिसूळ व्हायला लागतात. टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक अमिनो आम्ल मांसात असतं, पण उकडताना पाण्यात उतरतं, आणि पाणी आपण ओतून देतो. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, त्यानंतर कंपन्यांनी अन्नात त्याचं प्रमाण वाढवलं. डोळ्याच्या पडद्यालाही त्याअभावी इजा होते. घरीच सगळं शिजवायचं असेल तर पशु-आहारतज्ज्ञाकडून पाककृती लिहून घ्यावी आणि त्यात सांगितलेली पूरकं न चुकता घालावीत. ते जमणार नसेल तर "संपूर्ण आणि संतुलित" लिहिलेलं, प्रौढ मांजरांसाठीचं तयार अन्न घ्या. मी तेच देते.

पाउच आणि ड्राय फूडची तुलना करताना एक गणित लक्षात ठेवा, नाहीतर पाउचवर "प्रथिनं १० टक्के" वाचून निराश व्हाल. पाउचमध्ये ७८ टक्के पाणी असेल तर कोरडा ऐवज २२ भाग. त्यात १० भाग प्रथिनं, म्हणजे ४५ टक्के. ड्राय फूडवर ३२ टक्के लिहिलेलं असतं, त्यातलं १० टक्के पाणी वजा केलं तरी ३५-३६ च्या वर जात नाही. अमेरिकी मानकात प्रौढ मांजरासाठी कोरड्या ऐवजात किमान २६ टक्के प्रथिनं लागतात. आजारी, वजन घटणाऱ्या मांजराला मी त्याच्या बऱ्याच वरचं निवडते, कारण पाठीवरचं आणि मांड्यांवरचं मांस आधी झिजतं. अपवाद मूत्रपिंडाचा. सात वर्षांच्या बोक्याची मूत्रपिंडं एकदा तपासून घ्या, कारण ती थकली असतील तर सगळा हिशेब बदलतो.

धान्य असणं-नसणं याचा प्रतिकारशक्तीशी संबंध नाही, त्यात पैसे घालवू नका. लायसिन हर्पिस विषाणूच्या सर्दीसाठी देत, एफआयव्हीसाठी नाही, आणि २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हर्पिसवरही त्याचा उपयोग दिसला नाही. "इम्युनिटी बूस्टर" म्हणून मिळणाऱ्या पुडींचं तर विचारूच नका. काळूला ताकद हवी असेल तर त्याच्या पोटात पुरेसं, पचणारं अन्न रोज जायला हवं. साडेचार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २२० ते २५० कॅलरी लागतात. पाकिटावर कॅलरी लिहिलेल्या असतात, नसतील तर कंपनीला विचारा.

माझी पद्धत: पाउच गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचा, मांजराच्या अंगाइतका, साधारण ३८ अंश. वास सुटतो आणि थंड घास सुजलेल्या हिरडीला झोंबत नाही. तुकडे काट्याने मऊ कुस्करायचे. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. तासाभरात उरलेलं फेकून द्यायचं, ते नंतर पुढे करायचं नाही. वाटी दर वेळी साबण आणि गरम पाण्याने धुवायची, चरे पडलेली प्लास्टिकची वाटी टाकून स्टीलची किंवा चिनीमातीची आणायची. लोक भारी अन्न आणतात आणि वाटी दिवसभर तशीच ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मिशाळ

गुरगुर यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्याकडे ल्युकेमियाची मांजर आहे म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एकाच वाटीचं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, जमवून राहणाऱ्या मांजरांत वाटीतून पसरण्याची शक्यता अगदी कमी. ल्युकेमियाचं तसं नाही, तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, सामायिक वाट्यांतून जातो. काळूची दोन्हींसाठी तपासणी झालीय ना? झाली नसेल तर करून घ्या, आणि मांजरीचीही करा. निकाल काहीही येवो, वाट्या वेगळ्या ठेवा, नाहीतर काळूने किती खाल्लं हे कळायला मार्ग नाही.

दुसरं म्हणजे कांदा-लसूण. शिजवलेला, वाळवलेला, पुडीतला, कुठलाच नको. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. ल्युकेमियाच्या मांजरांना बऱ्याचदा आधीच रक्त कमी असतं, त्यात ही भर. मांजर खात नाही म्हणून लहान मुलांचं डबाबंद मांसाचं पेस्ट द्या असा सल्ला मिळतो. द्यायला हरकत नाही, पण घटकांत कांद्याची पूड आहे का ते वाचा. काहींत असते.

पाऊलखुणा

आमची मांजर कित्येक वर्षं कच्चं मांस खाते, केस चमकतात, कधी आजारी पडली नाही. इतकं घाबरवण्याची गरज आहे का?

गुरगुर

तुमची मांजर निरोगी आहे याचा आनंदच आहे, आणि तिला काय द्यायचं ते तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा. इथे प्रश्न काळूचा आहे. निरोगी मांजराला साल्मोनेलाने दोन दिवस जुलाब होतील किंवा काहीच होणार नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या मांजराच्या बाबतीत तो रक्तात उतरू शकतो. शिवाय कच्चं मांस खाणारी मांजरं स्वतः बरी दिसत असताना विष्ठेतून जंतू सोडत राहतात, मग घरातलं म्हातारं माणूस किंवा तान्हं मूलही धोक्यात येतं. स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मांजरांनाही हेच लागू.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांना दाखवलं. मागच्या हिरड्या सुजल्यात, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक दिलंय, दात काढायचे का ते पुढच्या भेटीत ठरवणार. रक्तात मूत्रपिंडं ठीक आहेत, ल्युकेमिया निगेटिव्ह. मांजरीचं रक्तही दिलंय. कोमट पाउच कुस्करून दिला तर अर्धा खाल्ला! आता ड्राय फूड एकदम बंद करू की हळूहळू?

गुरगुर

अर्धा खाल्ला हे वाचून फार बरं वाटलं. एरवी अन्न सात ते दहा दिवसांत बदलतात, रोज नवीन थोडं वाढवत जुनं कमी करत, म्हणजे पोट बिघडत नाही. काळूचं तोंड दुखतंय म्हणून दाणे पुढ्यात ठेवा, पण त्याने ते खायलाच हवेत असं नको. हवं तर कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवून पाउचमध्ये मिसळा. औषध अन्नात मिसळू नका, एकदा कडू चव लागली की त्या अन्नावरून मन उडतं. औषध वेगळं, शक्यतो जेवणाच्या जागेपासून दूर.

"भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी मात्र ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून ते निकामी व्हायला लागतं, आणि पूर्वी अंगाने भरलेल्या मांजरांत हा धोका जास्त. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. भूक वाढवणारी औषधं असतात, गरज पडली तर अन्नाची नळीही घालतात. नळीचं नाव ऐकून घाबरू नका, मांजरं ती चांगली सहन करतात.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. मांजरीचा निकाल आला की इथे कळवा.