शब्दचर्चा: ‘सदोष डीएनएची प्रत’ की ‘डीएनएची सदोष प्रत’?

तळटीप: एका लेखाचं भाषांतर करतेय. उकळत्या झऱ्यांतले सूक्ष्मजीव इजा झालेल्या डीएनएवरून प्रत कशी उतरवतात, हा विषय. मी लिहिलं ‘सदोष डीएनएची प्रत’. संपादकांनी विशेषण सरकवून ‘डीएनएची सदोष प्रत’ केलं. म्हणे अर्थ तोच. मूळ बिघडलेलं असणं आणि नक्कल बिघडणं एकच कसं? शिवाय ‘ट्रान्सलेजन सिंथेसिस’ला, म्हणजे डीएनएवरची इजा ओलांडून प्रत पुढे उतरवण्याला, सुटसुटीत शब्द हवाय.

बोरू: एक नाहीच. पण तुमच्या जीवात दोन्ही घडतं, ही खरी पंचाईत. सल्फोलोबस सोल्फाटारिकस (हल्ली बारसं बदलून सॅकॅरोलोबस झालाय) 80 अंश सेल्सिअसच्या आसपास, आम्लधर्मी पाण्यात राहतो. त्याच्या डीपीओ-4 या पॉलिमरेजची, म्हणजे डीएनएची प्रत उतरवणाऱ्या विकराची (एन्झाइमची), बैठक ऐसपैस आहे. डीएनएच्या अक्षरांपैकी दोन थायमिन एकमेकांना चिकटलेले असोत की अक्षरच गळालेलं असो, ते रेटून पुढे जातं. गळालेलं घर कधी वगळूनच टाकतं आणि प्रत एका अक्षराने तोकडी पडते. धडधाकट डीएनएवरही ते गचाळच लिहितं. म्हणजे सदोष मुळाची सदोष प्रत, तीही हलक्या प्रतीची!

नीरक्षीर: ‘पॉलिमरेज’ कशाला? ‘बहुवारीकारक विकर’ म्हणा. आणि ट्रान्सलेजनला ‘क्षतलंघी प्रतिलेखन’. क्षत म्हणजे इजा. ‘अक्षता’ आपण रोज म्हणतो, मग क्षताचंच वावडं का?

चिमटा: ‘प्रतिलेखन’ अडकलेलं आहे हो, डीएनएवरून आरएनए बनतो त्यासाठी वापरतात. आणि बहुवारीकारक विकर एका दमात म्हणून दाखवा.

नीरक्षीर: सवयीने येतं सगळं. ‘दूरदर्शन’ला नाही का सरावलो?

चिमटा: आणि म्हणतो काय? टीव्ही.

बोरू: संपादकांना ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ची गोष्ट सांगा. मूळ पोथीवर माशी चिकटून मेली होती, म्हणून नकलनविसाने आपल्या पोथीत त्याच जागी माशी मारून चिकटवली. पायरोकोकस फ्युरिओसस या उकळत्या पाण्यातल्या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचं मुख्य पॉलिमरेज याच्या अगदी उलट वागतं. उष्णतेने सायटोसिन या अक्षराचा युरॅसिल (डीएनएत नको असलेलं अक्षर) होत राहतो, ही त्यांची माशी. ते चार अक्षरं अलीकडूनच ती हेरतं आणि थबकतं. डीपीओ-4 थांबतही नाही आणि हरताळही फासत नाही.

तळटीप: हरताळ?

बोरू: पोथीत चूक झाली की त्यावर हरताळ हे पिवळं खनिज फासून अक्षर झाकायचे, वर नवं लिहायचे. वाक्प्रचार तिथलाच. पायरोकोकसच्या पॉलिमरेजला आपलं चुकलेलं अक्षर मागे वळून छाटता येतं. डीपीओ-4कडे ती सोयच नाही. ‘प्रूफरीडिंग’ला मी तर ‘हरताळणी’ म्हणेन.

नीरक्षीर: हरताळ म्हणजे संप. हाट, म्हणजे बाजार, त्याला ताळा, म्हणजे टाळं. कामाला हरताळ फासला म्हणजे काम बंद पाडलं.

बोरू: टाळं फासतात का कधी? फासायला लेपच लागतो. तो हरताळ वेगळा; मूळ संस्कृत ‘हरिताल’.

उकळी: एक रसायनवाला म्हणून भर घालतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, आणि ते गरम झऱ्यांच्या काठीही साचतं. बाकी अशा जीवांना, ‘थर्मोफाइल’ना, ‘उष्णताप्रेमी’ म्हणतात, त्यावर कोणीच कसं बोललं नाही? पायरोकोकसला 70 अंशांखाली वाढताच येत नाही, 100च्या आसपास तो रमतो. ही गरज आहे, प्रेम कसलं? ‘उष्णताजीवी’ म्हणा.

चिमटा: श्रमजीवी श्रमावर पोट भरतो. हे काय उष्णता खातात?

उकळी: दीर्घजीवी दीर्घ खातो का?

नीरक्षीर: ‘ऊष्मस्नेही’. आणि दीर्घ ऊ लिहा, ऊष्म वर्णांसारखा.

चिमटा: मराठीत उष्मा ऱ्हस्वच.

तळटीप: मंडळी, माझं ट्रान्सलेजन? डीपीओ-4च्या भागांना हाताची नावं आहेत: तळवा, अंगठा, बोटं आणि ‘लिटल फिंगर’. तिथे मी बेधडक ‘करंगळी’ लिहिलं आणि ते विनातक्रार पास झालं. असा एखादा शब्द सुचवा ना.

बोरू: ‘इजेवरून उडी’?

चिमटा: उडी नाही, ते इजेसमोरही अक्षर टाकतं. ‘दामटून नक्कल’.

नीरक्षीर: नक्कल अरबी आहे.

बोरू: अरबी ‘नक्ल’चा एक अर्थ इकडून तिकडे नेणं. उलट चपखलच बसतो!

तळटीप: तूर्त ‘बिघडलेल्या डीएनएवरून उतरवलेली प्रत’ असं लिहून पाठवलं. संपादकांनी ‘वरून’ला गोल करून विचारलंय, ‘कशाच्या वरून?’

नीरक्षीर: ते राहू द्या. तो हरताळ संपाचाच, मी उद्या कोश काढतो.