बातम्यांसाठी महिन्याला ५०० रुपये वेगळे काढलेत, कुणाला द्यावे? (गोवा)

मीना_फोंडा
नमस्कार मंडळी. घरी मराठी पेपर रोज येतो तो चालूच राहणार, सासऱ्यांना त्याशिवाय चहा जात नाही. पण मला जे वाचायचं असतं, म्हणजे टीसीपीने (नगर नियोजन खात्याने) कुठल्या सर्व्हे नंबरचा झोन बदलला, मोलेंच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे-रस्ता-वीज प्रकल्पांचं पुढं काय झालं, ते मोबाईलवर उघडलं की दोन ओळी दिसतात नि खाली 'सबस्क्राईब करा'. महिन्याला ५०० रुपये काढायचं ठरवलंय. कुणाला देऊ? फुकट वाचायच्या युक्त्या नकोत, खरंच द्यायचेत.

रायबंदरकर
मीनाताई, आधी एवढं बघा की तुमच्या पैशाने बातमी फक्त तुम्हालाच वाचायला मिळतेय की सगळ्यांना. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये महिन्याला ठराविक लेख फुकट आणि पुढे पैसे असं सुरू केलं, मग बाकीचे त्याच वाटेने गेले. ब्रिटनचा गार्डियन मात्र वेबसाईट उघडी ठेवून वाचकांकडे पैसे मागतो, त्याची मालकी ट्रस्टकडे आहे त्यामुळे नफा वाटून घेणारा मालकच नाही. आपल्याकडे न्यूजलाँड्री ही दिल्लीची बातम्यांची वेबसाईट २०१२ पासून आहे, सरकारी किंवा कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही, आणि त्यांच्या एनएल सेनेत एखाद्या ठराविक विषयाच्या रिपोर्टिंगसाठी वाचक पैसे घालतात. मला ती पद्धत सगळ्यात पटते, कारण पैसे कशावर खर्च होणार ते आधीच कळतं.

डिचोलीचा_वार्ताहर
दिल्लीवाल्यांना द्या, पण सगळे तिकडे देऊ नका ही हात जोडून विनंती. झोन बदलाची नोटीस राजपत्रात येते, त्यात सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर. ती जागा शेत आहे की डोंगर, खाली झर आहे का, ते बघायला माणूस जावा लागतो, मग आरटीआय टाकायचा नि उत्तराची वाट बघायची, आणि मला पैसे मिळतात ते फक्त छापून आलेल्या बातमीचे, पेट्रोल माझं. ग्रामसभा रविवारी, सगळ्या गावांत एकाच वेळी, एकटा कुठं कुठं जाणार? पेपर चालतो तो मंत्र्यांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिरातींवर आणि सरकारी जाहिरातींवर, तुम्ही देता त्या किमतीत कागद-छपाईसुद्धा निघत नाही. हे आजचं नाही. १९६२ला गोमंतक चौगुल्यांनी काढला, १९६३ला नवहिंद टाइम्स धेंपोंनी, दोन्ही घराणी खाणींतली. त्या भांडवलामुळे गोवा मुक्तीनंतर इथं पेपर उभे राहिले हे मी मानतो, पण वाचकाच्या पैशावर चालणारा पेपर आम्ही कधी बघितलाच नाही. म्हणून सांगतो, जो कुणी स्थानिक माणूस ग्रामसभेला, कोर्टात, खाणीच्या जनसुनावणीला स्वतः जाऊन लिहितो, वेबसाईट असो की यूट्यूब, निम्मे त्याला द्या. द्यायच्या आधी महिनाभराच्या बातम्या वाचा, नुसत्या प्रेसनोट असतील तर नको.

काणकोणची_पोर
मी कॉलेजात आहे, एवढे पैसे नाहीत. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा लायब्ररी आहे तिथं सगळे पेपर बसून वाचता येतात पण काणकोणहून रोज कोण जाणार. आणि पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या बातम्या, वाढले की आमच्या ग्रुपवर फक्त फॉरवर्ड उरतात, ते फुकटच असतात ना. त्यामुळे ताई, ज्यांची बातमी सगळ्यांना उघडी आहे त्यांना द्या प्लीज, तुमच्या पैशाने मीही वाचीन.

रायबंदरकर
हिचं म्हणणं बरोबर आहे. आणि वार्ताहरसाहेबांचंही, मी निम्म्याची दुरुस्ती मान्य करतो.

मीना_फोंडा
देव बरें करूं सगळ्यांना. ३०० इथल्या कुणाला तरी, वार्ताहर भाऊंनी सांगितल्यासारखं महिनाभर वाचून मग, आणि २०० उघड्या वेबसाईटला. वर्षाचे एकदम भरू की दर महिन्याला? ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची, भीती वाटते.

डिचोलीचा_वार्ताहर
लहान ठिकाणाला वर्षाचे एकदम दिलेत तर बरं, त्यांना पुढचे सहा महिने कुणाला तरी पगार देता येईल की नाही ते कळतं. मोठ्यांना महिन्याला द्या. ऑटोपे लावलं तर पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायलाच हवा, आरबीआयचा नियम आहे, आणि यूपीआय ॲपात ऑटोपेमध्ये जाऊन कधीही रद्द करता येतं.