अनुभव धागा: लिनक्स, रुंद पडदा आणि आडवी झालेली माणसं

तिवसेकर
परवा सातबारा काढायला सेतू केंद्रावर गेलो होतो. पोरानं नवा वाइड मॉनिटर घेतलेला, त्यावर लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम. फोटोतली माणसं पाहतो तर सगळी आडवी फुगलेली. विचारलं तर म्हणे, "काका, लिनक्सवर असंच दिसते."

हेच वाक्य मी २००९ मध्ये तालुक्याच्या कॅफेवाल्याकडून ऐकलं होतं. तेव्हा उबुंटूची (हाही लिनक्सचाच एक प्रकार) सीडी फुकटात पोस्टानं घरी यायची, शिपइट म्हणत त्याला, २०११ ला बंद झालं. पोस्टमन पाकीट देताना विचारायचा, इंजिनीअरिंगला लागला का रे? मी साडेअठरा इंची मॉनिटर घेतलेला, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, यालाच रिझोल्यूशन म्हणतात. उबुंटू दाखवायचं दोनच, ८०० बाय ६०० आणि १०२४ बाय ७६८. गावात नेट नाही. कॅफेत जाऊन कमांडा वहीत उतरवायच्या, एसटीनं परत यायचं, आणि घरी आलं की लाइन गेलेली.

पडद्याच्या मापाची ओळ बनवून देणाऱ्या सीव्हीटी कमांडला १३६६ सांगितलं की ती १३६८ देते, कारण तिला रुंदी ८ नं भाग जाणारी लागते आणि १३६६ ला जात नाही. त्यानं अक्षरं जराशी पुसट येत. शेवटी खरी ओळ मिळाली, ती अजून वहीत आहे: घड्याळ ८५.५, मग १३६६ १४३६ १५७९ १७९२, मग ७६८ ७७१ ७७४ ७९८, दोन्ही सिंक प्लस. पडद्याचं माप बदलणाऱ्या एक्सरँडर कमांडमध्ये आधी न्यूमोड, मग अ‍ॅडमोड, मग आउटपुट. मशीन बंद केलं की सगळं जायचं, म्हणून त्याच तीन ओळी होम फोल्डरातल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलीत टाकल्या, ती लॉगिनला आपोआप चालते.

ज्यांनी ज्यांनी ही झटापट केली असेल त्यांनी लिहा. उपाय नसला तरी चालेल, वैताग लिहा.

वर्धेची_ताई
वैताग? आमच्या घरी स्थळाचे फोटो अशाच स्क्रीनवर पाहिले होते दादा. मावशी म्हणाली पोरगी अंगानं जरा जास्तच भरलेली आहे. प्रत्यक्ष पाहिलं तर काडी!! ती आता माझी वहिनी आहे, तिला हे अजून सांगितलेलं नाही 😄

खामगावचा_खटपट्या
@ताई, हिशोबच तसा आहे. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलं की माणूस बरोबर एक तृतीयांश जाड होते. मावशीचं काही चुकलं नाही.

माझा लॅपटॉप एसआयएस मिराज ३ ग्राफिक्सचा होता. ज्यांना माहीत त्यांनी आत्ताच हात जोडले असतील. पडदा १२८० बाय ८००, पण कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) धड ड्रायव्हरच नाही, त्यामुळे साधा व्हेसा नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर लागायचा अन् १०२४ वर अडकायचं. कोणा परदेशी भल्या माणसानं जोडजाड केलेला ड्रायव्हर होता, तो चालायचा, पण कर्नल किंवा एक्स (पडद्यावर चित्र काढणारा भाग) बदललं की पुन्हा शून्यापासून. मी अपडेट करणंच सोडून दिलं. घेताना दुकानदारानं लॅपटॉपसोबत बॅग अन् माउस फुकट दिला होता, आता कळते काहून दिला ते.

गुरुजी_सिंदेवाही
शाळेत वेगळीच तऱ्हा. लॅपटॉप १३६६ चा, प्रोजेक्टर जुना १०२४ बाय ७६८ चा. दोन्हीकडे एकच चित्र ठेवलं की सिस्टीम दोघांना जमेल असं रिझोल्यूशन निवडते, म्हणजे प्रोजेक्टरचंच. मग लॅपटॉपवर सगळं ताणलेलं आणि पोरं म्हणतात सर, कॉम्प्युटर सुजला. एक्सरँडरला प्रोजेक्टरच्या आउटपुटवर स्केल-फ्रॉम १३६६ बाय ७६८ दिलं की लॅपटॉप मूळ मापात राहतो आणि प्रोजेक्टरवर तेच चित्र बसवून दिसतं. प्रोजेक्टरवर थोडं उभट दिसतं, पण पाढे वाचता येतात. त्याहून जास्त काय पाहिजे.

बाकी उद्या पोषण आहाराची माहिती भरायची आहे, ती साइट कोणाकडे चालू आहे का?

संत्रावाला
गुरुजी नाही चालून राहिली, दुपारी पाहा.

आमच्याकडं मॉनिटर नाही, ३२ इंची टीव्हीच लावला एचडीएमआयनं. बागेच्या खर्चाचा हिशोब लिब्रेऑफिसमध्ये ठेवतो. खालची पट्टीच दिसे ना, अन् वरचा मेन्यू अर्धा कापलेला. भाच्यानं दोन वेळा मिंट नव्यानं टाकलं, तरी तेच. दोष टीव्हीचा होता, लिनक्सचा नाही. टीव्ही कडा कापून चित्र मोठं करतो, ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्याच रिमोटवर पिक्चर साइज मध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असते, ते करा. काही टीव्हीत इनपुटचं नाव पीसी ठेवलं तरी होते. आमचा रिमोट नातवानं आधीच तोडलेला म्हणून एवढा घोळ.

अजून एक, ३२ इंची टीव्हीचा काच बहुतेक १३६६ चाच असते पण सिग्नल घेते ७२० किंवा १०८० चा. त्यानं अक्षर मऊ दिसते. डोळे तपासायला धावू नका.

तारमास्तर_निवृत्त
तुमच्याकडे निदान चित्र तरी येत होतं. आमच्या काळी एक्सएफ८६ च्या (तेव्हाचं एक्स) फाइलीत मॉनिटरचं हॉरिझॉन्टल सिंक आणि व्हर्टिकल रिफ्रेश स्वतः लिहावं लागे, आणि माहितीपत्रकात स्वच्छ इशारा असे की आकडे चुकले तर मॉनिटर जळू शकतो. पाठीमागं हात लावून गरम झाला का बघत आम्ही एकेक आकडा वाढवायचो. कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसनं एक्स मारता यायचं. उबुंटूनं ९.०४ मध्ये तेही आपोआप चालणं बंद केलं, तेव्हा मी फार चिडलो होतो. आजही थोडा चिडलेलोच आहे.

मोर्शी_मॅकॅनिक
काका 🙏

केबल पाहा रे बाबांनो, आधी केबल!! कमांडा नंतर. मॉनिटर आपली मापं १२८ बाइटच्या ईडीआयडी नावाच्या चिठ्ठीत सांगते. व्हीजीएच्या (मॉनिटरची जुनी केबल) १५ पिनांपैकी १२ अन् १५ नंबरच्या पिनीतून ती चिठ्ठी येते. स्वस्त केबलमध्ये या दोन तारा टाकतच नाहीत. चिठ्ठी नाही आली की बिचारं लिनक्स घाबरून १०२४ धरते. मोड हातानं लिहिला तर चित्र येते, पण रोग तसाच राह्यते. ९ नंबरची पिन दिसली नाही तर कंपनीला शिव्या देऊ नका, ती लय केबलीत नसतेच.

ओळखायचं कसं? सिस फोल्डरात क्लास, त्यात डीआरएम, त्यात आपल्या पोर्टचं फोल्डर, त्यात ईडीआयडीची फाइल. कॅट करून काहीच नाही आलं तर समजा चिठ्ठी रस्त्यात हरवली. केव्हीएम स्विच (एका मॉनिटरला दोन सीपीयू जोडणारा) अन् स्वस्त स्प्लिटरही ती खाऊन टाकतात. आणि मॉनिटर आधी चालू करा, सीपीयू नंतर. इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनी खास.

तिवसेकर
@मॅकॅनिक भाऊ, हे २००९ ला भेटले असते तर एसटीचं भाडं वाचलं असतं.

वर्धेची_ताई
चिठ्ठी रस्त्यात हरवली 😂 आमच्या पोस्टाची आठवण झाली

ग्रब_राजे
माझ्याकडे सेकंडहँड मशीन आलं, आधीच्या मालकानं इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन येते म्हणून बूटच्या ओळीत नोमोडसेट टाकलेलं अन् तसंच सोडून दिलेलं. नोमोडसेट असलं की कर्नल ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लावतच नाही. सेटिंगमध्ये एकच रिझोल्यूशन दिसते, बदलायला पर्यायच नाही. एटसीमधल्या डिफॉल्ट ग्रब (मशीन बूट करणारा प्रोग्रॅम) फाइलीतून तो शब्द काढला, अपडेट-ग्रब मारलं, रीबूट. झालं. तोवर मी मॉनिटर विकायला काढला होता, गिऱ्हाईकही आलं होतं.

धान_आणि_डेबियन
गिऱ्हाईकाला काय सांगितलं मग?

ग्रब_राजे
त्याला चहा पाजला अन् परत पाठवला. अजून बोलत नाही.

धान_आणि_डेबियन
आमच्या भंडाऱ्याकडे रोवणी चालू आहे त्यामुळे थोडक्यात. नवीन उबुंटूवर एक्सरँडर मारलं तर आउटपुटचं नाव कधी कधी एक्सवेलँड शून्य येते. तिथं न्यूमोड वगैरे काहीही करा, ऐकत नाही. वेलँड आहे ते, एक्सच्या जागी आलेलं. २१.०४ पासून बहुतेक मशीनवर तेच सुरू होते. लॉगिनच्या पडद्यावर दाताच्या चाकावर क्लिक करून एक्सऑर्ग, म्हणजे जुनं एक्स, निवडायची सोय होती, २५.१० मध्ये तीही काढली. आता कर्नलच्या ओळीत व्हिडिओ बरोबर, मग पोर्टचं नाव, मग १९२० बाय १०८० अ‍ॅट ६० असं द्यावं लागते. जुन्या कमांडा यूट्यूबवरून पाहून मारणाऱ्यांनी आधी वेलँड आहे की एक्स ते पाहावं, एवढंच.

पाऊस कसा आहे तुमच्याकडं?

संत्रावाला
इकडं उघडीप आहे. सोयाबीनले पाहिजे आता.

कॅफेवाला_जुना
तिवसेकर, "लिनक्सवर असंच दिसते" म्हणणारा मी नव्हतो ना? 😅 आमच्या कॅफेत सगळ्या मशीन लिनक्स होत्या, लायसन्सचे पैसे कुठून आणणार. लोक रिझोल्यूशनबद्दल नाही भांडायचे, फॉन्टबद्दल भांडायचे. डीटीपीवाल्याकडची जुन्या फॉन्टची फाइल आणायचे, उघडली की सगळी इंग्रजी भेंडोळी. मग युनिकोड समजावून सांगता सांगता माझा तास जायचा आणि बिल अर्ध्या तासाचं.

तिवसेकर
तुम्ही कुठल्या तालुक्याचे?

कॅफेवाला_जुना
दर्यापूर.

तिवसेकर
मग नव्हे. ते चांदूरचे होते.

वर्धेची_ताई
माझा एक खरा प्रश्न. जुन्या पीसीला २१:९ चा लांबलचक मॉनिटर लावायचा आहे, २५६० बाय १०८०. एचडीएमआय टू डीव्हीआय केबल आहे. सेटिंगमध्ये १९२० च्या वर दिसतच नाही. हीसुद्धा केबलच का?

मोर्शी_मॅकॅनिक
नाही ताई, यावेळी केबल निर्दोष. सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर १४८.५ लागते, ते बसते. २५६० ला ६० वर साधारण १८५ लागते, नाही बसत. सीव्हीटीला आडवा डॅश आर देऊन ५० हर्ट्झची ओळ काढून पाहा, मॉनिटरनं घेतली तर ठीक. पीसीले डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा, सगळा ताप जाते.

वर्धेची_ताई
डॅश आर दिलं तर ५० ला नाहीच म्हणते, ६० चाच पाढा.

मोर्शी_मॅकॅनिक
हो राजेहो, त्याला डॅश आरसोबत ६० च्या पटीतच लागते, खरं आहे. मग डॅश आर काढून ३० पासून वर चढा. माउस थोडा अडखळेल. डिस्प्लेपोर्ट आहे का ते मागं पाहून सांगा, टॉर्च घेऊन.

वर्धेची_ताई
लाइन गेली. आल्यावर पाहते.