"हे सगळं तुमच्याच आयुष्यातलं का हो?" प्रेमकादंबरीकाराला हे विचारावं की नाही?

निळी_शाई (धागाकर्ती) :
प्रेमकादंबऱ्या लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. टोपणनावाने लिहिते (इथलं नाव ते नव्हे, शोधू नका). नवीन ओळख झाली की हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत प्रश्न येतो, "हे सगळं तुमच्याच आयुष्यातलं का हो?" विचारताना आवाज हमखास खाली जातो. पाठोपाठ बाकीचे प्रश्न येतात : घरचे वाचतात का, नवऱ्याला कसं वाटतं, वर्षाला किती पाडता. आणि निघता निघता, "आता काहीतरी गंभीर लिहा की!"

माझं म्हणणं, पहिला प्रश्न विचारूच नये. खासगी प्रश्न टोलवायला मी कधीच शिकले, तो त्रास नाही. पण घडलं ते कागदावर उतरवलं की झाली कादंबरी, असं त्यात धरून चाललेलं असतं. खरं तर दोघांना प्रेमात पाडणं हे सगळ्यात सोपं काम, ते सुरुवातीच्या काही प्रकरणांत उरकतं. त्यानंतर त्यांना शेवटापर्यंत एकत्र येऊ द्यायचं नाही आणि तरीही वाचकाला 'काय हा आडमुठेपणा' असं वाटू द्यायचं नाही, यात महिने जातात. एका फोनने मिटला असता असा गैरसमज ठेवला, तर संपादक समासात एवढंच लिहिते, "मग फोन का करत नाही?" त्या एका ओळीपायी सबंध मधला भाग उपसून टाकावा लागतो. आणि तो मधला भाग कुणाच्याच आयुष्यातला नसतो.

कडूझार :
सपशेल असहमत. प्रेमकादंबऱ्यांच्या जाहिराती बघा. लेखिकेचा मंद हसरा फोटो, 'मनाच्या तळातून आलेली' अशी ओळ, मुलाखतीत स्वतःच्या लग्नाचा किस्सा. खप वाढावा म्हणून आयुष्य दुकानात मांडायचं आणि गिऱ्हाइकाने हात लावला की ओरडायचं?

'खुनाच्या कथा लिहिणाऱ्याला कितवा खून केलास असं विचारता का' हे ठेवणीतलं उत्तर इथे कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. खून क्वचितच कुणी केलेला असतो. प्रेमात बहुतेक सगळे पडून उठलेले असतात. वाचक आपलं त्याच्याशी ताडून बघतो, तो त्याचा हक्क आहे.

पानखूण :
हक्क ठीक, पण ताडून बघण्यातून काय निघतं ते ऐका. इंग्रज लेखिका शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ मध्ये 'करर बेल' या टोपणनावाने आली. दुसरी आवृत्ती तिने थॅकरे या कादंबरीकाराला अर्पण केली, निव्वळ त्याच्या लेखनावरच्या आदरापोटी. थॅकरेची बायको मनोरुग्ण होती आणि तिला वेगळं ठेवलेलं होतं, हे ब्राँटेच्या गावीही नव्हतं. इकडे कादंबरीतली नायिका नायकाच्या घरी शिकवायला असते, आणि त्याची बायकोही वेडी. झालं! लंडनात कुजबुज सुरू, की ही बाई थॅकरेच्या घरी मुलांना शिकवायला होती आणि पुस्तकातला मालक म्हणजे तोच. दोघांची तोवर साधी भेटही झालेली नव्हती.

कडूझार :
ब्राँटे आणलीत तर पूर्ण आणा. १८४२ मध्ये ती ब्रुसेल्सला शिकायला गेली. तिथल्या हेगर नावाच्या विवाहित शिक्षकात तिचा जीव गुंतला. घरी परतल्यावर तिने त्याला पत्रं लिहिली. उरलेल्यांपैकी बहुतेक फाडलेली होती, ती त्याच्या बायकोने तुकडे जोडून जपली आणि १९१३ मध्ये 'द टाइम्स'मध्ये छापून आली. ती वाचल्यावर तिच्या 'व्हिलेट' या कादंबरीतला प्राध्यापक वेगळाच दिसायला लागतो. भोचक लोक नसते तर आपल्याला हे कळलंच नसतं. आता म्हणा, आयुष्यातलं नव्हतं.

निळी_शाई :
होतं की! पण तेच ब्रुसेल्स तिने दोनदा लिहिलं, हे तुम्ही गाळलंत. आधी 'द प्रोफेसर'. प्रकाशक ती परत पाठवत राहिले, शेवटी ती गेल्यानंतर १८५७ मध्ये निघाली, आणि आजही हौशी वाचक तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. 'व्हिलेट' १८५३ ची. शहर तेच, दुखणंही तेच. बदलला तो सांगणारा. पहिल्या कादंबरीत निवेदक पुरुष आहे. 'व्हिलेट'मध्ये एक बाई बोलते, आणि ती वाचकापासूनही गोष्टी लपवते. एखाद्याला आपण ओळखलंय हे ती आपल्याला कितीतरी पानं सांगतच नाही! हेगरला लिहिलेली सगळी पत्रं पाठ केलीत तरी हा निर्णय तिने कसा घेतला ते कळणार नाही. मला विचारायचंच असेल तर हे विचारा : कोण सांगतंय आणि काय लपवतंय. त्यावर मी रात्रभर बोलेन.

उगाच_एक :
एवढी ब्राँटे कशाला? आजच्या प्रेमकथांचा साचा ठरलेला आहे. भेट, भांडण, पाऊस, गैरसमज, मिठी. शेवट पहिल्या पानावर कळतो. (आणि कृपया फडके-खांडेकर आणू नका, तो वाद दळून दळून पीठ झालाय.)

रातराणी :
शेवट कळतो, कारण तो कळावा अशीच बोली असते. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने व्याख्याच केली होती : प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायी हवा. मी रात्रपाळी करून येते. कामावर वाईट शेवट पुरेसे बघून झालेले असतात. मला 'काय होणार' नकोच असतं, 'आता ही कशी जमवणार' हे हवं असतं. ज्या लेखिकेला ते जमत नाही तिचं पुस्तक मी अर्ध्यात टाकते, आणि अशी पुस्तकं ढिगाने आहेत. साच्याने काम भागलं असतं तर एवढी फसली नसती.

उगाच_एक :
बरं, मान्य. पण मग 'वर्षाला किती' हा प्रश्न रास्तच म्हणायचा. बार्बरा कार्टलंड ही इंग्रज प्रेमकादंबरीकार सोफ्यावर पहुडून सेक्रेटरीला मजकूर सांगायची. सातशेच्या वर कादंबऱ्या. हे लेखन की उत्पादन?

निळी_शाई :
कार्टलंडची वकिली मी करणार नाही. पण वेगावरून प्रत ठरवू नका. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा आणि मग पोस्टखात्यातली नोकरी करायचा. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं आणि समीक्षकांची मर्जी उतरली. कादंबऱ्या त्याच, त्यांतली एक ओळही बदलली नव्हती. म्हणून आमच्यातले बरेच जण कामाचे तास सांगत नाहीत, 'सुचलं' म्हणतात.

तास कसे जातात सांगू? चुंबनाचा प्रसंग घ्या. तिचा एक हात दाराच्या कडीवर, दुसऱ्या हातात पिशवी. आठ ओळींनंतर ती त्याची कॉलर धरते. कुठल्या हाताने? पिशवी खाली ठेवली तर ती थांबणार असं दिसतं, आणि मला तर ती निघून जायला हवीय. कडी सोडली तर दार लोटलं जाणार, आवाज होणार, आतली माणसं जागी होणार. सकाळ यात गेली. शेवटी पिशवीच काढली, मग पिशवीसाठी घातलेली मागच्या प्रकरणातली खरेदीही काढावी लागली. आणि लोक विचारतात, "लिहिताना अंगावर शहारा येत असेल ना?"

अर्धविराम :
पिशवी आवडली. पण एमा ब्लेअर या नावाने खपणाऱ्या कादंबऱ्या इयन ब्लेअर नावाचा स्कॉटिश गृहस्थ लिहीत होता, हे १९९८ मध्ये एका पुरस्काराच्या निमित्ताने बाहेर आलं. तुमच्या तर्काने लिहिणारा कोण याने काही बिघडत नाही. मग तिथे बाईचं नाव का लागलं? हे 'तिने' अनुभवलंय असं वाचकाला वाटावं, म्हणूनच ना? तो प्रश्न तुमच्या धंद्यानेच वाचकाच्या तोंडी घातलाय.

निळी_शाई :
हे बोचलं. नाव निवडताना मलाही 'जरा मऊ घ्या' असं सुचवलं गेलं होतं, आणि मी घेतलं. पण मुखपृष्ठ आणि जाहिरात यांत शेवटचा शब्द सहसा प्रकाशकाचा असतो, करारातच तसं असतं.

कडूझार :
करारावर सही कुणाची असते?

निळी_शाई :
माझी. कारण छापायचं त्यांनी आणि जगायचं मी. 'मनाच्या तळातून' ही ओळ गाळा म्हणून भांडून झालंय, मिळालेलं उत्तर इथे लिहिण्याजोगं नाही. तरी त्या ओळीमुळे माझ्या नवऱ्याची चौकशी करायचा परवाना मिळतो, हे मला मान्य नाही.

रातराणी :
ते राहू द्या हो. पिशवी काढल्यावर ती निघून गेली का?

निळी_शाई :
पुस्तक यायचंय. विकत घ्या.

कडूझार :
बघा! जाहिरात.