अलंकरण खरोखर संपले, की त्याने जागा बदलली?

प्रश्न

आधुनिक वास्तुकलेच्या आरंभकाळाचा अभ्यास करताना मी एका ठिकाणी वारंवार अडखळते. हा इतिहास बहुधा असा सांगितला जातो: 1890 च्या दशकात आर्ट नूव्हो या सजावटशैलीच्या वळणदार रेषा आल्या, 1910 मध्ये वास्तुकार आडोल्फ लोस यांनी व्हिएन्नातील व्याख्यानात अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले, आणि 1919 मध्ये वायमार येथे बाउहाउस ही कला आणि वास्तुकलेची शाळा सुरू झाल्यानंतर भिंती कोऱ्या झाल्या. परंतु त्याच लोस यांनी व्हिएन्नातल्याच मिखाएलरप्लाट्झ चौकात, राजवाड्याच्या समोर, 1909 ते 1911 या काळात उभारलेली इमारत पाहिली की ही मांडणी पटेनाशी होते. तिचे वरचे मजले साध्या गिलाव्याचे आहेत, खालचा भाग मात्र हिरवट शिरांच्या सिपोलिनो संगमरवराने मढवलेला आहे. ज्यांना सजावट अमान्य होती, त्यांनी इतका देखणा दगड का निवडला असावा?

उत्तर 1

लोस यांचा आक्षेप सौंदर्याला नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. कारागिराने दिवसेंदिवस राबून नक्षी कोरायची आणि आवड बदलताच ती वस्तू टाकून द्यायची, यात श्रम, पैसा आणि सामग्री तिन्ही वाया जातात, असे त्यांचे म्हणणे होते. संगमरवराच्या शिरा कोणी कोरलेल्या नसतात. दगड कापून झिलई केली की त्या आपोआप उमटतात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने उंची दगड आणि कोरा गिलावा यांत विसंगती नव्हती. त्या काळच्या लोकांना हे मुळीच रुचले नाही. खिडक्यांभोवती साधी चौकटदेखील नाही, यावरून एवढा गदारोळ झाला की पालिकेने काम थांबवले, आणि अखेर खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या बसवण्याची तडजोड करावी लागली.

उत्तर 2

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु या प्रश्नाचा खरा दुवा मला व्हिएन्नाचेच वास्तुकार ओटो वाग्नर यांच्या कामात दिसतो. व्हिएन्नातील पोस्टाच्या बचत बँकेचा पहिला टप्पा 1904 ते 1906 मध्ये झाला. तिच्या दर्शनी भिंतीवर संगमरवराचे पातळ पत्थर लावलेले आहेत आणि प्रत्येकावर ॲल्युमिनियमची टोपी असलेले बोल्ट उघडे दिसतात. दगडामागचा बांधकामाचा मसाला घट्ट होईपर्यंत पत्थर जागेवर धरून ठेवणे हे त्या बोल्टांचे मुख्य काम. नंतर ते झाकून टाकणे शक्य होते. वाग्नर यांनी ते झाकले नाहीत, उलट ओळीने मांडून चमकू दिले. ऊन पडले की पूर्ण भिंतीवर ठिपक्यांची जाळी उमटते. दगड मागच्या भिंतीवर केवळ आवरण म्हणून चढवला आहे, ही गोष्ट ते बोल्ट उघड सांगतात आणि त्याच वेळी नक्षीचेही काम करतात. आत गेल्यावर मुख्य दालनावर काचेचे छत आहे आणि पायाखालच्या जमिनीतही काचेच्या विटा आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या खोल्यांपर्यंत पोहोचतो.

व्हिक्टर ओर्ता यांनाही केवळ वेलबुट्टीचे वास्तुकार म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्रुसेल्समधील तासेल यांच्या घरात (1892-93) त्यांनी राहत्या घराच्या मधोमध लोखंडी खांब उघडा ठेवला. त्याच्या माथ्यावरून फुटणाऱ्या रेषा भिंतीवर आणि जमिनीच्या मोझेइकमध्ये पसरतात, हे खरे. पण त्या फुटतात त्या भार पेलणाऱ्या खांबातूनच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आभारी आहे. बोल्टांचे उदाहरण मनात घर करून राहील. मग असे म्हणता येईल का, की नक्षीची जागा रचनेच्या प्रामाणिकपणाने घेतली?

उत्तर 3

प्रामाणिकपणा हा शब्द मी जपून वापरेन. बर्लिनमधील एईजी या वीजसाहित्य बनवणाऱ्या कंपनीचा टर्बाइन कारखाना (1909) पाहा. वास्तुकार पेटर बेहरेन्स आणि अभियंते कार्ल बर्नहार्ड यांच्या या इमारतीत लांब बाजूच्या पोलादी खांबांच्या तळाशी भल्यामोठ्या बिजागऱ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला सहज दिसतील अशा ठेवल्या आहेत. त्या सांगाड्याचा खरा भाग आहेत. दर्शनी बाजूचे दोन भरभक्कम कोपरे मात्र वजन पेलत नाहीत. ते काँक्रीटचे पातळ कवच आहे आणि ते तिथे आहे ते भारदस्त दिसण्यासाठी. एकाच इमारतीत एक तपशील रचना उघडी करतो, तर दुसरा ताकदीचा आभास निर्माण करतो.

उट्रेख्टमधील श्र्योडर यांच्या घराचेही (1924) तसेच आहे. डे स्टाइल या डच कला-चळवळीतल्या या घराचे सपाट पांढरे आणि करडे पृष्ठभाग पाहून ते पूर्ण काँक्रीटचे वाटते, प्रत्यक्षात भिंती बव्हंशी विटांच्या असून वर गिलावा आहे. तरीही त्याचे वास्तुकार खेरिट रीटफेल्ट यांना कमी लेखण्याचे धाडस मला होत नाही. वरच्या मजल्यावरील सरकत्या भिंती बाजूला केल्या की खोल्या एकमेकींत मिसळतात, आणि कोपऱ्यातल्या दोन खिडक्या बाहेर उघडल्या की मध्ये खांबच नसल्यामुळे घराचा कोपरा नाहीसा होतो. त्या उघड्या कोपऱ्याला तुम्ही रचना म्हणाल की अलंकरण?