रंग ही निव्वळ सजावट नव्हती

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील पाच रंग ही मुळात केवळ सजावट होती आणि त्यांना अर्थ नंतर चिकटवला गेला, हे मत मला पटत नाही. खेळाचे निर्माते रिचर्ड गारफिल्ड यांच्या 1993 च्या पहिल्याच संचात एका ‘माना’च्या (पत्ता खेळण्यासाठी खर्चावी लागणारी जादुई ऊर्जा) किमतीचे पाच पत्ते असे आहेत, की त्यांतील प्रत्येक पत्ता तीन या आकड्याभोवती फिरतो: लाल ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन इजा करते, हिरवे ‘जायंट ग्रोथ’ प्राण्याचे बळ एका खेळीपुरते तिनाने वाढवते, पांढरे ‘हीलिंग साल्व्ह’ तीन इजा टाळते किंवा तीन प्राणांक देते, काळे ‘डार्क रिच्युअल’ तीन माना देते आणि निळे ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन पत्ते ओढू देते. रंगांचे स्वभाव इथेच ठरलेले दिसतात. फसला तो या पाच पत्त्यांमधील समतोल, कारण तीन पत्ते आणि तीन प्राणांक यांचे मोल सारखे मानणे (आज हे सांगणे सोपे आहे, हे खरे) हा ढोबळ अंदाज होता.

मात्र सीमारेषा सैल होत्या, एवढे मान्य करावे लागेल. थेट इजा करणारा ‘प्रॉडिगल सॉर्सरर’ त्या संचात निळा होता. तेच काम करणारा ‘प्रॉडिगल पायरोमॅन्सर’ 2007 मध्ये लाल रंगात आला. म्हणजे नंतरच्या रचनाकारांनी रंगांना नवा अर्थ दिला नाही, तर आधीचाच अर्थ अधिक काटेकोरपणे लागू केला.