नागपूर–पुणे विमान: दारापासून दारापर्यंत किती वेळ धरावा?

मनीषनगरकर: आईला (वय 74, गुडघेदुखी) डिसेंबरात पुण्याला न्यायचंय, घर वाकडला. दोघांचं मिळून दहा हजारांवर जायचं नाही. हवाई अंतर साधारण 605 किमी, तरी तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ का दाखवतात? आणि घर ते घर किती धरू?

समृद्धीवाला: विमान कशाला भाऊ? समृद्धी (नागपूर–मुंबई द्रुतगती महामार्ग) 5 जून 2025 पासून पूर्ण खुली झाली. संभाजीनगरपर्यंत सरळ, पुढे अहिल्यानगरवरून पुणे. माझी नवी गाडी 120 वर हलत पण नाही. फक्त टायर आधी तपासा, काँक्रीटवर लई तापतात.

लोहगाव_शेजारी: तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. हवेत तास-सव्वा तासच. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच, त्यामुळे कधी घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे पुण्याला जाताना समोरून.

सासवडकर: म्हणूनच पुरंदरचा विमानतळ हवा!

लोहगाव_शेजारी: वाकडच्या माणसाला पुरंदर आणखी लांब. त्यासाठी वेगळा धागा काढा.

वर्धेकर: वंदे भारतने जा ना. अजनी ते पुणे 881 किमी, 12 तास. सकाळी बसा, रात्री पुण्यात. डबे एकदम चकाचक, मी स्वतः गेलोय.

धरमपेठची_सून: अहो, गुडघेदुखीत 12 तास खुर्चीत? विमानच बरं, पण तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ हे स्पष्ट नोंदवा. आमच्या सासूबाईंसाठी नुसती व्हीलचेअर सांगितली होती. ती शिडीपाशी येऊन थांबली, वर त्यांना कठडा धरून चढावं लागलं. अजून राग येतो.

समृद्धीवाला: गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करता येतात म्हटलं.

बाणेरचा_बापू: पहिलं विमान घ्या. दिवसभरात उशीर साचत जातो. संध्याकाळी उतरलात तर विमानतळ ते वाकड दीड तास गेलाच समजा.

लोहगाव_शेजारी: बापूंशी सहमत. हिशेब असा: घर ते सोनेगाव (नागपूर विमानतळ) 20 मिनिटं, दोन तास आधी पोचणं (काउंटर तासभर आधी बंद होतं), दीड तास विमान, सामानाला अर्धा, पुढे वाकड. साडेपाच-सहा तास धरा.

समृद्धीवाला: सहा तासांत मी शिर्डी गाठतो.

मनीषनगरकर: सगळ्यांचे आभार, विशेषतः धरमपेठच्या ताईंचे. आईशी बोललो. पहाटेची धावपळ तिला नको, आडवं पडून जायचंय. शिवाय नातवंडांसाठी संत्र्यांची पेटी न्यायचीच म्हणते, विमानात 15 किलोत ती बसत नाही. जाताना रात्रीची रेल्वे, खालचा बर्थ. परतीला विमान बघतो.

वर्धेकर: मग तारीख लवकर ठरवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि खालचे बर्थ भराभर संपतात.

समृद्धीवाला: पेटी डिक्कीत आरामात मावली असती.